परड्यातलं परड्यात: कोकणातल्या घरासाठी रोजच्या छोट्या सवयी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कुडाळ तालुक्यात राहते. लग्न होऊन आले तेव्हा घराला कौलं होती, अंगणाला शेणाचं सारवण होतं आणि केराच्या डब्यात टाकण्यासारखं काही नव्हतंच. आता स्लॅब आहे, फरशी आहे आणि डबा रोज भरतो. बचत गटात, एसटीत, लग्नाच्या पंगतीत लोक जे प्रश्न विचारतात तेच खाली घेतलेत. माझं धोरण दोन वाक्यांचं आहे: परड्यात, म्हणजे घराभोवतीच्या बागेत, जे पडतं ते परड्यातच जिरवायचं, आणि दुकानातून जे येतं ते जाळायचं नाही.

एकच सवय बदलायची असेल तर कुठली?

न्हाणीची चूल पेटवताना प्लास्टिक घालणं बंद करा. दुसरं काही नाही केलंत तरी चालेल.

आपल्याकडे हे इतकं अंगवळणी पडलंय की कुणाला त्यात वावगं वाटत नाही. पहाटे हंड्याखाली लाकडं रचायची, पावसात ती दमट असतात, मग दुधाची पिशवी किंवा कुरकुऱ्यांचं पाकीट काडीने पेटवून खाली सारायचं. पिशवी आकसते, काळे थेंब ठिपकतात, निळसर ज्योत येते आणि घसा खवखवेल असा वास सुटतो. तो धूर न्हाणीतच कोंडतो आणि चुलीपाशी बसलेली बाई आणि अंघोळीला आलेलं पोर तो घेतात. पीव्हीसी, म्हणजे वायरचं आवरण, पाइपाचे तुकडे किंवा जुनं रेक्झिन जाळलं तर डायॉक्सिनसारखी घातक द्रव्यं तयार होतात. शिवाय चुलीतली ती राख आपण माडाच्या आळ्यात घालतो, भांडी घासायला घेतो. प्लास्टिक जळलेली राख कशालाच घेऊ नये.

मग पावसात चूल पेटवायची कशाने?

ज्याने आजी पेटवायची त्याने. सुकं चुडत (माडाची झावळी), सोडणाची म्हणजे नारळावरच्या सालीची किशी, करवंटीचे तुकडे. मे महिन्यात एक जुनं पोतं किशीने भरून चुलीच्या वरच्या माळ्यावर ठेवलं तर दसऱ्यापर्यंत पुरतं. करवंटी उशिरा पेटते पण निखारा धरून ठेवते.

एक सांगून ठेवते: काजूची टरफलं मात्र नकोत. त्यातलं तेल दाहक असतं, अंगाला लागलं तर कातडी सोलते आणि धूर डोळ्यांना झोंबतो. ती भसाभस पेटतात म्हणून मोह होतो, एवढंच.

अंगणातला पातेरा, म्हणजे पालापाचोळा, रोज संध्याकाळी जाळतो. डास जातात ना त्याने?

धूर असेतोवर जातात, तासाभराने परत येतात. डेंग्यूचा डास तर दिवसा चावतो, त्याला तुमच्या संध्याकाळच्या धुराशी देणंघेणं नाही.

पातेऱ्याचं मोल कळायला मला दहा वर्षं लागली. सासूबाई म्हणायच्या, "झाडाचो पातेरो झाडाकच घालूचो." मला तो म्हाताऱ्या माणसांचा चिकटपणा वाटायचा. नंतर एका वर्षी आमच्या आंब्याच्या दोन कलमांखाली पातेरा ठेवला आणि बाकीच्यांखालचा नेहमीसारखा झाडून जाळला. एप्रिलात हात घालून बघितलं. पातेऱ्याखालची माती दुपारी बारालाही गार होती आणि बोटाला चिकटत होती. उघड्या आळ्यात नुसता जांभ्याचा भुगा. आमच्याकडची माती मुळात पातळ, खाली कातळ. जो काही कस आहे तो वरच्या चार बोटांत, आणि नेमका तोच आपण जाळून टाकतो.

पातेरा घालताना खोडाला टेकवू नका. मी पहिल्या खेपेला ढीगच्या ढीग बुंध्याला लावला आणि पावसाळ्याआधी वाळवी सालीत शिरली. बुंध्यापासून दीड-दोन हात सोडून, फांद्यांची सावली पडते तिथे गोल पसरायचा.

फेब्रुवारी ते मे या काळात पातेरा जाळण्यात वणव्याचा धोका वेगळाच. वारं फिरलं की अंगणातली ठिणगी गडग्यापलीकडच्या, म्हणजे दगडी कुंपणापलीकडच्या, काजूत जाते. दरवर्षी कुणाची ना कुणाची बाग अशीच जाते, आणि नंतर "कुणीतरी विडी टाकली" म्हणून सांगतात.

दोडामार्ग-सावंतवाडी भागातल्या लोकांसाठी एक जादा सूचना. तिकडे २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडलेत आणि तो गोचिडीमुळे होतो. रानालगतचा पातेरा गोळा करताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका आणि अंगावर गोचीड आहे का ते नीट बघा. माकड मरून पडलेलं दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा.

ओल्या कचऱ्याचं खत करायला घेतलं, पण जूनमध्ये सगळं सडलं. वास येतो, अळ्या झाल्या. सोडून देऊ का?

नको. तुमची चूक जूनमधली नाही, मेमधली आहे.

आपण आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, काय काय भरतो? लाकडं, तांदूळ, सुकी मासळी, मीठ, आमसुलं. त्यात सुका पातेरा भरायचा राहतो. मे अखेरीला सुक्या पातेऱ्याची चार-पाच पोती दाबून भरा आणि पडवीत, पाऊस लागणार नाही अशा जागी ठेवा. मग रोज एक वाडगं ओला कचरा पडला की त्यावर दोन वाडगी पातेरा. हेच पूर्ण गणित आहे. वास येतो तो पाणी जास्त आणि हवा कमी झाल्यामुळे, आणि सुका पातेरा पाणी शोषतो आणि हवा खेळती ठेवतो. खड्डा असेल तर त्यावर झापाचं किंवा जुन्या पत्र्याचं छप्पर हवं. कोकणच्या पावसात उघड्या खड्ड्याचं तळं होतं. मी तर पावसाळ्यापुरता खड्डा बंदच करते आणि भोकं पाडलेल्या दोन जुन्या पिंपांवर भागवते.

जाड, करड्या, वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका. त्या कचरा झपाट्याने फस्त करतात आणि माणसाला काही करत नाहीत. कोंबड्या असतील तर पिंप आडवं करा, अर्ध्या तासात हिशेब चुकता. तीन-चार महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत मिळतं.

माशाचा कचरा त्यात घालायचा का?

पिंपात नको, मांजरं रात्रभर नाचतील. माशाची डोकी, आतडी, कोळंबीची सोलं थेट झाडाजवळ पुरायची, पण वीतभर खोल नाही, हातभर. मी एकदा आळशीपणा करून वीतभरच खणलं. सकाळी बांगड्याची डोकी शेजारच्या तुळशीवृंदावनापाशी निघाली आणि कुत्रा शेपूट हलवत बाजूला बसलेला. शेजारच्या काकींनी मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मासे धुतलेलं पाणी कढीपत्त्याला आणि मिरचीला घाला, मोरीत ओतू नका. ही सवय आपल्याकडे आहेच, ती फक्त किचनमधल्या बेसिनने मोडली. बेसिनशेजारी एक टोप ठेवला की परत लागते.

आमच्याकडे एवढा पाऊस पडतो, तरी एप्रिलात विहीर तळाला जाते. पागोळ्यांचं पाणी विहिरीत सोडलं तर उपयोग होईल?

थोडा होईल. जेवढा लोक समजतात तेवढा नाही.

आधी आकडा बघू. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आपल्या भागात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पडतो. ५० चौरस मीटरचं छोटंसं छप्पर धरलं तरी दीड लाख लिटर, म्हणजे हजार लिटरच्या दीडशे टाक्या. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण जुलैत विहीर काठोकाठ भरलेलीच असते, तिच्यात आणखी ओतून ते पाणी थांबणार कुठे? जांभा चाळणीसारखा. वरून आत जातं तसं खालून उताराने वहाळात, म्हणजे ओढ्यात जातं, वहाळातून खाडीत.

म्हणून पावसाळ्यात पागोळीखाली टाकी किंवा पिंप लावा आणि धुणी, भांडी, संडास त्यावरच भागवा. चार महिने पंप जवळपास बंद राहतो, बिल उतरतं. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी धरू नका, त्यात छपरावरची धूळ, शेवाळ आणि पाखरांची घाण असते.

विहीर टिकवायची खरी वेळ ऑक्टोबर-नोव्हेंबर. वहाळाची धार बारीक झाली की सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घालायचा. वाडीतली वीस-पंचवीस माणसं आणि एक सकाळ, एवढंच काम. वर पाणी तुंबतं, आजूबाजूच्या विहिरींची पातळी हळू उतरते. आमच्या वाडीत बंधारा घातला त्या वर्षी आमची विहीर नेहमीपेक्षा उशिरा तळाला गेली. एका घराने एकट्याने करण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणूनच ती राहून जाते. आणि मेमध्ये त्या गोण्या आठवणीने काढून ठेवा. नाहीतर पहिल्या पुरात फाटून खाडीत जातात आणि आपणच समुद्राला प्लास्टिक घातलं असं होतं.

अंगणाबद्दलही सांगते. सगळं अंगण पेव्हर ब्लॉकने बंद करू नका. माणसांची आणि गाडीची वाट तेवढी पक्की करा, बाकीच्याला श्वास घेऊ द्या. पूर्वी दरवर्षी पावसानंतर खळं चोपून सारवायचो ते कष्टाचं होतं हे मला मान्य आहे, मलाही ते परत नको. पण चिऱ्याचे तुकडे मोकळे बसवून मध्ये फट ठेवता येते.

मोरीचं पाणी बागेला चालतं का?

चालतं. केळ, अळू, कर्दळ यांना आवडतंच. पालेभाजी आणि कोथिंबिरीला मात्र देऊ नका. एकाच झाडाला बारमाही साबणाचं पाणी गेलं तर माती कडक होते, म्हणून पन्हळ दर पंधरा दिवसांनी फिरवा. कपड्यांची पावडर पाकिटावर लिहिलेल्यापेक्षा कमी घाला. आपलं पाणी बहुतेक ठिकाणी मऊ आहे, निम्म्यातही फेस येतो. भांड्यांना काथ्या आणि लाकडाची राख अजून उत्तम. हिरव्या प्लास्टिकच्या घासण्या झिजतात त्या कुठे जातात याचा विचार केलाय का कधी?

संडासाची टाकी विहिरीपासून किती लांब हवी?

निदान १५ मीटर, आणि विहिरीच्या खालच्या अंगाला. जांभ्यात पाणी भराभर पाझरतं, त्यामुळे जास्त अंतर मिळत असेल तर जास्त ठेवा. जागा नाही म्हणून गडग्याला चिकटवून बांधतात, पण गडग्यापलीकडे शेजाऱ्याची विहीर असते.

डासांसाठी मग काय करायचं?

आठवड्यातून एक कोरडा दिवस. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठ-दहा दिवस लागतात, दर आठवड्याला साचलेलं पाणी ओतून टाकलं की साखळी तुटते. शहरातल्या पत्रकांत कूलर आणि टायर लिहिलेले असतात. आपल्याकडे बघायची ठिकाणं वेगळी: परड्यात उपड्या न केलेल्या करवंट्या, गळून पडलेल्या सुपारीच्या विऱ्या (पानांचे देठाकडचे पसरट भाग) आणि माडाच्या पोया (फुलोऱ्याची आवरणं), निळ्या ताडपत्रीच्या घड्या, होडीत साचलेलं पाणी, तुळशीपाशी ठेवलेला तांब्या. मुलांना करवंट्या मोजून उपड्या करायला लावा, दहाला एक रुपया. आमच्याकडे हा दर आता पाच रुपये झालाय.

विहिरीत गप्पी मासे सोडता येतात, आरोग्य केंद्रात विचारा. वहाळात किंवा तळ्यात मात्र सोडू नका, ते बाहेरचे आहेत आणि आपल्या लहान माशांच्या मुळावर येतात.

प्लास्टिकवर बंदी आहे म्हणतात, तरी बाजारात पिशव्या मिळतात. आम्ही काय करणार?

राज्यात मार्च २०१८ पासून बंदी आहे, देशभरात एकदा वापरून फेकायच्या वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून. मिळतात हे खरं आहे. पण मासळीबाजाराला जाताना डबा नेणं आपल्या हातात आहे. मासेवाली मावशी पहिल्यांदा हसली, आता डबा दिसला की एखादी कोळंबी जास्त टाकते. वर्षाचं धान्य-मसाले आगोटीला एकदम भरले तर पाकिटं आपोआप कमी होतात.

जे आलंच, ते धुवा. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, पिशवीलाच लटकता ठेवा, कारण तो चिमुकला तुकडा कुठल्याच गोणीत सापडत नाही. पिशवी पाण्याने खंगाळून उन्हाच्या दोरीवर लावायची आणि एका पोत्यात भरत जायची. स्वच्छ, सुकं प्लास्टिक भंगारवाला नेतो, घाणेरडं नेत नाही. वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेने घराघरातून वेगळा केलेला कचरा घेऊन कचराडेपोच्या जागी बाग उभी केली, ओल्या कचऱ्यावर बायोगॅस चालवला. पण त्याची सुरुवात लोकांनी डबे वेगळे ठेवण्यापासून झाली.

चिऱ्याच्या जुन्या खाणीत कचरा टाकू नका. "खड्डा आहेच, भरून निघेल" असं म्हणतात, पण त्या खड्ड्यातलं पाणी खालच्या वाडीच्या झऱ्याला जातं.

आंबा-काजूच्या फवारणीच्या बाटल्या हा वेगळा विषय. तीनदा विसळून ते पाणी फवाऱ्यातच ओता, मग बाटलीला भोक पाडा, म्हणजे कुणी तेलाला वापरणार नाही. मी एका घरी अशा बाटलीत रॉकेल पाहिलंय, शेजारी पिण्याच्या पाण्याची कळशी.

मुंबईहून गणपतीला येतो. दहा दिवसांत काय करता येईल?

थर्माकोलचं मखर मुंबईहून आणू नका, एवढंही पुष्कळ. माटवीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या लाकडी चौकटीला, आंब्याचे टाळ, सुपारीचा घोस, कवंडळं, तेरडा आहेच. मूर्ती शाडूची, निर्माल्य वहाळात न सोडता माडाच्या आळ्यात. कळलावीचं फूल गौरीला हवंच असतं, तेव्हा वरून खुडा. कंदासकट उपटली तर पुढल्या वर्षी कुठून आणणार? कंद विषारी आहे, मुलांच्या हाती देऊ नका.

आणि जाताना आपला सुका कचरा गाडीत घालून घेऊन जा, हे जरा स्पष्टच बोलते. तुमच्या शहरात घंटागाडी दारात येते, आमच्या वाडीत अजून येत नाही.

पावसात भिंतींना, कपाटाला बुरशी येते. फवारे मारू का?

आधी कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. ओले कपडे घरात वाळत घालायचे तर एकाच खोलीत, खिडकी उघडी ठेवून. मातीच्या आणि चिऱ्याच्या भिंतींना ऑइल पेंट नको, चुना द्या. चुन्यातून भिंतीची ओल बाहेर पडते आणि बुरशीला चुना सोसत नाही.

वीज कशी वाचवायची?

६० वॅटचा जुना बल्ब काढून ९ वॅटचा एलईडी लावला तर रोज पाच तासांमागे पाव युनिट वाचतं. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा आणि मागची जाळी पुसा, खाऱ्या हवेत ती लवकर गंजते. बाकी सगळं तुम्हाला माहीत आहे.

घर किनाऱ्यालगत आहे. वेगळं काही?

नोव्हेंबर ते मे समुद्राच्या बाजूचे दिवे रात्री बंद ठेवा, नाहीतर त्यावर झाकण लावून उजेड खाली पाडा. ऑलिव्ह रिडले कासवं या काळात वाळूत अंडी घालतात. पिल्लं रात्री बाहेर पडतात ती उजेडाच्या दिशेने, आणि ती दिशा समुद्राची असायला हवी, तुमच्या होमस्टेच्या फलकाची नाही. मंडणगडच्या वेळासला गावकऱ्यांनी २००२ पासून घरटी राखली, आज त्याच कासवांना बघायला पाहुणे येतात आणि घरोघरी जेवतात.

जाळ्याचे तुकडे दिसले की उचलून वर आणा. खाडीकडच्या घरांनी कांदळ, म्हणजे खारफुटी, तोडून केराला वाट करू नये.

मासे खाणंही कमी करायचं का?

छे! मी मालवणी घरात राहते, असलं काही लिहिलं तर जेवण बंद होईल. जून-जुलै या बंदीच्या दोन महिन्यांत सुकटीवर आणि आठळ्यांच्या भाजीवर भागवा. बोटभर पापलेट स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. राज्याने २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा केलं आणि त्याच वर्षी अनेक माशांसाठी पकडण्याचा किमान आकारही ठरवला. आपण पिल्लं घेत राहिलो तर आणणारे आणतच राहणार.

घरातली मोठी माणसं ऐकत नाहीत. "आम्ही जन्मभर असंच केलं" म्हणतात.

त्यांनी जन्मभर असं केलेलं नाही, हेच त्यांना विचारून बघा. माझे सासरे अंगणात पाकिटं जाळायचे. मी वाद घातला, उपयोग शून्य. मग एकदा विचारलं, "भाऊ, तुमच्या लहानपणी काय काय जाळायचात?" ते बराच वेळ आठवत बसले. म्हणाले, "जाळूक होता काय तेव्हा? कागद मिळालो तर त्याची पुडी करून ठेवू."

दुसऱ्या दिवशी न्हाणीच्या दारामागे खिळ्याला एक पोतं लटकलेलं दिसलं. त्यात तीन दुधाच्या पिशव्या होत्या, धुतलेल्या. कोपरे मात्र तोडलेले. त्यावर आमचं अजून बोलणं चालू आहे.